उन्माद : रुग्णाला न जाणवणारा आजार आणि उपचारांची वाट

लखनौच्या जुन्या शहरातील चौक हा भाग गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा या दरम्यानच्या बाजारपेठेसाठी, चिकनकारीच्या दुकानांसाठी आणि अत्तराच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. याच भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. १९०५ साली या संस्थेची पायाभरणी झाली आणि १९११ साली येथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ झाला. येथील मनोविकारशास्त्र विभागात उत्तर प्रदेशातून आणि शेजारच्या प्रदेशांतून रुग्ण येतात. त्यांतील काही रुग्णांना नातेवाईक जवळजवळ ओढूनच घेऊन येतात. आपल्याला कोणताही आजार नाही, उलट आयुष्यात प्रथमच आपण पूर्णपणे निरोगी आहोत, असे हे रुग्ण डॉक्टरांना ठामपणे सांगतात.

द्विध्रुवी विकारातील, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डरमधील उन्माद या अवस्थेचे हे वैशिष्ट्य आहे. ताप आला, छातीत दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली, तर माणूस स्वतःहून वैद्याकडे जातो. उन्मादात मात्र आजारच माणसाला आपण आजारी नसल्याची ग्वाही देत असतो. त्यामुळे हा आजार ओळखण्याची पहिली जबाबदारी घरातील माणसांवर येते आणि बहुतेक वेळा उशीर होतो तो याच टप्प्यावर.

उन्माद म्हणजे काय?

द्विध्रुवी विकारात मनःस्थिती दोन टोकांकडे झुकते. एका टोकाला नैराश्य असते, तर दुसऱ्या टोकाला उन्माद. दोन झटक्यांच्या मधल्या काळात अनेक रुग्ण आपले दैनंदिन जीवन इतरांप्रमाणेच जगत असतात. हा काळ काही महिन्यांचा किंवा काही वर्षांचाही असू शकतो.

आनंद झाला, उत्साह वाटला किंवा राग आला म्हणजे उन्माद झाला असे नव्हे. मनःस्थिती असाधारण उंचावलेली किंवा विलक्षण चिडखोर झालेली असणे, त्याबरोबरच हालचाली आणि ऊर्जा वाढलेली असणे आणि ही स्थिती किमान एक आठवडा, दिवसाचा बहुतेक वेळ टिकणे, हा निदानाचा पाया होय. रुग्णाला रुग्णालयात दाखल करावे लागण्याइतकी अवस्था तीव्र असेल, तर आठवड्याची अट उरत नाही. याच्याजोडीला पुढील लक्षणांपैकी किमान तीन आढळावी लागतात : झोपेची गरज कमी होणे, अखंड बोलत राहणे, एका विचारातून दुसऱ्या विचारात वेगाने जाणे, लक्ष सतत विचलित होणे, स्वतःविषयी अवास्तव मोठेपणाची भावना, एकाच वेळी अनेक कामे हाती घेणे आणि परिणामांचा विचार न करता खर्च, व्यवहार किंवा लैंगिक वर्तन करणे. केवळ चिडखोरपणाच दिसत असेल, तर यांपैकी चार लक्षणे आवश्यक मानली जातात.

हीच लक्षणे सौम्य प्रमाणात, किमान चार दिवस टिकली आणि त्यांमुळे संसार किंवा कामकाज कोलमडले नाही, तर त्या अवस्थेला सौम्य उन्माद अथवा हायपोमेनिया म्हणतात. ही अवस्था सर्वांत फसवी असते. माणूस अधिक काम करतो, अधिक हसतो, अधिक बोलतो. घरच्यांना ती प्रगती वाटते. मात्र काही रुग्णांत ही पूर्ण उन्मादाची पूर्वपायरी ठरते.

तीव्र उन्मादात भ्रम निर्माण होतात. आपल्याला दैवी शक्ती प्राप्त झाली आहे, आपण मोठ्या पदावर नियुक्त झालो आहोत, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, अशा समजुती पक्क्या होतात. त्या वेळी युक्तिवादाचा उपयोग होत नाही.

बाजारपेठेतील एक उदाहरण

उन्माद हळूहळू कसा उलगडतो हे समजण्यासाठी एका काल्पनिक उदाहरणाचा आधार घेता येईल. समजा, चौकात एका चिकनकारीच्या व्यापाऱ्याचे दुकान आहे. एरवी तो हिशेबी आणि मितभाषी. एका आठवड्यात तो पहाटे तीनला उठू लागतो आणि तरीही दिवसभर ताजातवाना दिसतो. दुसऱ्या आठवड्यात तो कारागिरांना दुप्पट काम देतो, ओळख नसलेल्या व्यापाऱ्यांना उधारीवर माल देतो, नव्या जागेसाठी इसार मोजतो. पत्नीने विचारले, तर आवाज चढतो. थोरल्या भावाने समजावले, तर त्याला शत्रू ठरविले जाते. तिसऱ्या आठवड्यात दागिने गहाण पडतात आणि रात्री दोन वाजता नातेवाईकांना दूरध्वनी जाऊ लागतात.

पहिल्या आठवड्यात कुणीही डॉक्टरांचा विचार करीत नाही. ‘धंदा वाढवतोय, चांगलेच आहे’ असे म्हटले जाते. दुसऱ्या आठवड्यात ‘स्वभाव बिघडला’ असा निष्कर्ष निघतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र सारे घर हादरते. झटका ओसरल्यानंतर त्याच माणसाला कर्ज, दुखावलेली नाती आणि लोकांच्या नजरा यांना सामोरे जावे लागते. अनेकदा याच वेळी नैराश्याचा झटका येतो. या विकारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा पुष्कळ अधिक असतो आणि नैराश्याच्या किंवा दोन्ही टोकांची लक्षणे एकत्र असलेल्या मिश्र अवस्थेत तो विशेष वाढतो. म्हणून उन्मादाचा झटका ओसरला की संकट टळले, असे समजणे चुकीचे आहे.

वरील उदाहरणातील पहिला संकेत खर्चाचा नव्हता, तो झोपेचा होता. झोप न लागणे आणि झोपेची गरजच न वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंताग्रस्त माणसाला झोप येत नाही आणि सकाळी तो थकलेला असतो. उन्मादाकडे झुकणारा माणूस दोन-तीन तास झोपतो आणि थकवा जाणवत नाही. ज्याला पूर्वी असा झटका येऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत सलग दोन-तीन रात्रींची अशी झोप हीच डॉक्टरांना कळविण्याची वेळ होय.

‘वेड’ या शब्दाचे दोन अर्थ

आजार ओळखण्यात भाषेचाही अडसर असतो. उर्दू काव्यात ‘जुनून’ आणि ‘दीवानगी’ यांना मानाचे स्थान आहे आणि लखनौ हे त्या काव्याचे माहेरघर. मराठीतही एखाद्याला ‘संगीताचे वेड आहे’ असे कौतुकाने म्हटले जाते. मात्र त्याच माणसाला मनोविकार जडला, तर ‘वेडा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. अर्थात कौतुक आणि हेटाळणी या दोन टोकांच्या मध्ये ‘आजारी’ हा साधा शब्द हरवून जातो.

लखनौचे विख्यात उर्दू कवी मजाज यांच्या आयुष्यात मानसिक आजाराचे झटके अनेकदा आले. १९५२ साली त्यांच्यावर रांची येथे उपचार झाले. १९५५ च्या डिसेंबरात लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजाराचे नेमके निदान आज करणे उचित होणार नाही. मात्र त्यांच्याविषयीच्या आठवणींत मद्यपान, विनोदबुद्धी आणि कलंदरपणा यांची जेवढी चर्चा होते, तेवढी आजाराची होत नाही. प्रतिभावंताच्या बाबतीत जे घडते तेच सामान्य घरातही घडते. आजाराला स्वभाव मानले जाते.

एकाच वस्तीतील तीन दरवाजे

चौक परिसरात मानसिक अस्वास्थ्यावर मदत मागण्याचे तीन वेगवेगळे मार्ग काही अंतरावर एकत्र नांदतात. वैद्यकीय विद्यापीठाच्या लगत शाह मीना या पंधराव्या शतकातील सूफी संतांचा दर्गा आहे. विविध धर्मांचे लोक तेथे नवस बोलण्यासाठी येतात. जवळच्या झवाई टोला भागात युनानी हकिमांची जुनी परंपरा आहे. तेथील तकमील-उत-तिब या शिक्षणसंस्थेची स्थापना १९०२ साली झाली. तिसरा मार्ग अर्थातच वैद्यकीय विद्यापीठाचा.

प्राचीन वैद्यकाला हा आजार अपरिचित नव्हता. युनानी ग्रंथांत ‘मालिखोलिया’ आणि ‘मानिया’ या अवस्थांचे वर्णन आहे. चरकसंहितेत ‘उन्माद’ या व्याधीचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक असे प्रकार सांगितले आहेत. मात्र तेथील उन्माद हा शब्द बराच व्यापक आहे; आजच्या मनोविकारशास्त्रातील उन्मादाशी तो सर्वार्थाने जुळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील झां-पिएर फालरे यांनी उन्माद आणि नैराश्य या एकाच आजाराच्या आळीपाळीने येणाऱ्या अवस्था असल्याचे मांडले. १८९९ साली जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या विकाराला ‘उन्माद-अवसाद’ असे स्वतंत्र स्थान दिले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत ‘बायपोलर’ हे नाव आले आणि पुढे तेच रूढ झाले.

श्रद्धास्थानी जाण्याने कुटुंबाला धीर मिळत असेल, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न उद्भवतो तो वैद्यकीय उपचार थांबविले किंवा लांबविले जातात तेव्हा. महाराष्ट्रातही ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषी, भगत किंवा मांत्रिकाकडे प्रथम धाव घेतली जाते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. या घटनेची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्याला दोरखंडाने अथवा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

दोन्ही मार्गांचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या तत्त्वावर मनोविकारतज्ज्ञांची सेवा उपलब्ध करून देण्यात आली. प्रार्थना आणि औषध यांत कुटुंबाने एकाचीच निवड केली पाहिजे असे नाही, हा या प्रयोगाचा बोध होय.

किती लोकांना हा विकार होतो?

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी द्विध्रुवी विकार झाल्याचे आढळले. याचा अर्थ, दर दोनशे प्रौढांमागे एक. या विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे याच सर्वेक्षणात दिसून आले.

विकाराचा प्रारंभ बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या पहिल्या टप्प्यात होतो. स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील प्रमाण जवळपास सारखेच असते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही आई किंवा वडिलांना हा विकार असलेल्या बहुसंख्य मुलांना तो होत नाही. संगोपनातील चूक, पूर्वजन्मीचे पाप किंवा चारित्र्यदोष यांचा या आजाराशी संबंध नाही. जागरणे, अमली पदार्थ, मद्य, प्रसूतीनंतरचा काळ आणि तीव्र मानसिक ताण यांमुळे झटका उद्भवू शकतो. नैराश्य समजून केवळ नैराश्यविरोधी गोळ्या दिल्या गेल्यासही काही रुग्णांत उन्माद उफाळतो. म्हणूनच नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जाताना, पूर्वी कधी अतिउत्साहाचा आणि कमी झोपेचा काळ येऊन गेला असल्यास तो अवश्य सांगावा.

लिथियमपासून पुढे

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञाने उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियम क्षाराचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले. डेन्मार्कमधील मोगेन्स शू यांनी १९५४ पासून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. भारतात रांचीच्या केंद्रीय मनोविकार संस्थेत १९५२ साली, म्हणजे केड यांच्या लेखानंतर अवघ्या तीन वर्षांत, लिथियमचा वापर सुरू झाला. आज सात दशकांनंतरही हे औषध द्विध्रुवी विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. झटक्यांची पुनरावृत्ती आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याचा पुरावा भक्कम मानला जातो.

तीव्र उन्मादात लिथियमचा पूर्ण परिणाम दिसण्यास एक ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन किंवा हॅलोपेरिडॉल यांसारखी भ्रमविरोधी औषधे प्रथम दिली जातात. झोपेसाठी अल्पकाळ वेगळी औषधे जोडली जातात. व्हॅल्प्रोएट हेही परिणामकारक औषध आहे, मात्र गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होत असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये असा संकेत आहे. औषधांना दाद न देणाऱ्या किंवा जिवाला धोका असलेल्या अवस्थेत भूल देऊन विद्युत उपचार केले जातात. चित्रपटांनी उभे केलेले त्याचे भयावह चित्र आजच्या वास्तवाशी जुळत नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यास कायद्यानेच मनाई आहे.

लिथियम घेताना रक्ततपासणी आवश्यक असते. औषधाची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे आहे. शेवटची गोळी घेतल्यानंतर सुमारे १२ तासांनी रक्त देऊन त्यातील लिथियमचे प्रमाण पाहिले जाते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात. हातांना जोरदार कंप सुटणे, उलट्या, जुलाब, जीभ जड होणे, चालताना तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.

शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. उत्तर प्रदेशातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. रमजानचे रोजे, हरतालिकेचा किंवा एकादशीचा निर्जळी उपवास, पंढरीची पायी वारी यांचा संकल्प करण्यापूर्वी लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलले पाहिजे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि रक्तदाबावरील काही औषधे हेही लिथियमचे प्रमाण वाढवितात. आहारातील मीठ एकाएकी कमी करू नये. रमजानमध्ये चौकातील बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. महाराष्ट्रात गणेशोत्सव, नवरात्र आणि गोंधळ-जागरणाच्या रात्री असतात. उत्सवात सहभागी होण्यास हरकत नाही, मात्र या विकाराच्या रुग्णाने झोपेची वेळ मोडू नये.

बरे वाटू लागले की औषध बंद करणे हे झटका परतण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. लिथियम अचानक थांबविल्यास उन्माद लवकर उफाळण्याचा धोका असतो. मधुमेह किंवा रक्तदाब याप्रमाणे हाही दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. सौम्य उन्मादातील उत्साह हवाहवासा वाटतो, हे औषध सोडण्यामागचे आणखी एक कारण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन या स्वतः या विकाराच्या रुग्ण आणि अभ्यासक. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी औषध नाकारण्याच्या आपल्या काळाविषयी आणि पुढे लिथियमवर उभ्या राहिलेल्या आयुष्याविषयी लिहिले आहे.

झटका आलेला असताना काय करावे?

उन्मादातील व्यक्तीशी वाद घालणे निष्फळ ठरते. तिच्या भ्रमांना होकार देऊ नये आणि ते खोटे ठरविण्याचा आग्रहही धरू नये. आवाज शांत ठेवावा, वाक्ये लहान असावीत, एका वेळी एकाच माणसाने बोलावे. पाहुणे, गोंगाट आणि चर्चा कमी कराव्यात. ‘तुला वेड लागले आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘तीन रात्री झोप नाही, झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ असे म्हटल्यास अनेकदा होकार मिळतो, कारण झोपेची तक्रार मानहानीकारक वाटत नाही. घरातील ज्या व्यक्तीचा शब्द रुग्ण एरवी मानतो, मग ती आत्या असो, मोठे काका असोत किंवा जुना मित्र, तिने हे बोलणे हिताचे.

गाडीच्या किल्ल्या, बँकेची कार्डे, दागिने आणि कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत. मोठे व्यवहार लांबणीवर टाकावेत. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची चिन्हे दिसल्यास वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. रुग्णाला फसवून, खाण्यात औषध मिसळून देण्याचा मोह घरच्यांना होतो. डॉक्टरांना न विचारता असे करणे धोक्याचे आहे आणि विश्वासाला तडा गेल्यास पुढील उपचार अधिक कठीण होतात.

कायद्याने दिलेले संरक्षण

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची संमती हा या कायद्याचा पाया आहे. तथापि, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असल्यास अथवा रुग्ण स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असल्यास, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. आणीबाणीच्या स्थितीत कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने संपूर्ण मनाई आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

उन्मादाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद पूर्वसूचनापत्राची आहे. भविष्यात आपण आजारी पडून निर्णय घेण्यास असमर्थ ठरलो, तर कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे कोणतीही प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आणीबाणीतील उपचारांना हे पत्र लागू होत नाही. इतर वेळी मात्र घरच्यांची सक्ती आणि रुग्णाचा नकार यांच्यातील संघर्षात रुग्णाचाच स्वस्थ काळातील शब्द मार्गदर्शक ठरतो.

शांत काळातील तयारी

दोन झटक्यांमधील शांत काळात, रुग्ण आणि कुटुंबीय यांनी डॉक्टरांसमवेत बसून एक साधा आराखडा तयार करावा. मागील झटक्यापूर्वी कोणते बदल दिसले होते, किती रात्रींच्या कमी झोपेनंतर डॉक्टरांना कळवायचे, ते कळविण्याचा अधिकार घरात कोणाला, पैशांचे मोठे व्यवहार तोपर्यंत कोणाच्या सहीने व्हायचे, कोणत्या रुग्णालयात जायचे, या गोष्टी रुग्णाच्याच संमतीने लिहून ठेवाव्यात. झोप आणि मनःस्थिती यांची रोजची एक ओळीची नोंद ठेवल्यास बदल लवकर लक्षात येतो. झटक्याच्या काळात घरच्यांचे पाऊल मग हस्तक्षेप वाटत नाही; ते रुग्णाच्याच इच्छेचे पालन ठरते.

उपचारासाठी महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये तसेच वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग उपलब्ध आहेत. गोव्यात बांबोळी येथे, तर बेळगाव परिसरातील लोकांना धारवाड येथे शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. लखनौत वैद्यकीय विद्यापीठाखेरीज नूर मंझिल हे १९५० साली मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी स्थापन केलेले मनोविकार केंद्र आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत अनेक जिल्हा रुग्णालयांतही सेवा मिळते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या केंद्र सरकारच्या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क सल्ला मिळतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. रुग्ण स्वतः बोलण्यास तयार नसला, तरी नातेवाईक येथे मार्गदर्शन घेऊ शकतात.

डॉक्टरांकडे जाताना झोपेच्या वेळा, बदल केव्हापासून जाणवले, पूर्वीचे झटके, सध्याची सर्व औषधे आणि घराण्यातील मनोविकाराचा इतिहास यांची टिपणे सोबत न्यावीत. उन्मादातील व्यक्ती तपासणीच्या दहा-पंधरा मिनिटांत स्वतःला सावरून अत्यंत समंजसपणे बोलू शकते. अशा वेळी घरच्यांनी आणलेली ही टिपणे निदानाला मोठा आधार देतात.